कानातली खाज आणि खिशातली चावी

कान खाजतो म्हणून कुणी रजा टाकत नाही. दाढ ठणकली, पाठ धरली, पोट बिघडलं तर माणूस डॉक्टरकडे जातो; कान खाजला तर खिशातून चावी काढतो. मराठवाड्यातल्या चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत पाळी सुटायच्या वेळी गेटसमोरच्या चहाच्या गाडीपाशी थोडा वेळ उभं राहा. एका हातात कटिंग, दुसऱ्या हातातली मोटारसायकलची चावी कानात, मान तिरकी, डोळे अर्धे मिटलेले, असा कुणी ना कुणी दिसतोच. चावी नसली तर माचिसची काडी, ती नसली तर पेनाचं टोपण. घरी केसांचा आकडा किंवा सेफ्टी पिन. हे इतकं अंगवळणी पडलेलं आहे की त्याला आजार म्हणायला कुणी तयार नसतं.

पण महिनोन्महिने, काहींच्या बाबतीत वर्षानुवर्षं टिकून राहिलेली ही खाज कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या ओपीडीत रोज येते. येते तेव्हा दोन-तीन प्रकारचे थेंब, लसणाचं तेल आणि शेजाऱ्यांचा सल्ला असं सगळं बहुधा घालून झालेलं असतं. अडचण अशी की खाजेची कारणं अनेक आहेत आणि त्यांवरचे उपाय काही वेळा एकमेकांच्या उलटे जातात. कोरड्या कानाला ज्याने बरं वाटतं त्याने बुरशीचा कान बिघडतो. बाहेरून मात्र सगळ्यांची तक्रार एकच: ‘आत खाजतंय.’ त्यामुळे खाजेवर औषध कोणतं, या प्रश्नाला आत पाहिल्याशिवाय उत्तरच नाही. आजवर जे काही कळलेलं आहे ते सगळं फिरून याच ठिकाणी येतं.

आधी कानाची रचना पाहू, कारण अर्धं उत्तर तिथेच आहे. मोठ्या माणसाची कर्णनलिका जेमतेम अडीच सेंटीमीटर लांब असते. बाहेरचा साधारण एक तृतीयांश भाग कूर्चेचा, उरलेला आतला भाग हाडाचा. बाहेरच्या भागात केस असतात, तेलग्रंथी असतात आणि मळ तयार करणाऱ्या ग्रंथी असतात. आतल्या हाडाच्या भागात यातलं काहीच नसतं. तिथली त्वचा अतिशय पातळ असून जवळजवळ थेट हाडाच्या आवरणावर ताणून बसवलेली असते. चावीचं टोक तिथवर गेलं की कळ मस्तकात जाते ती यामुळे.

शरीरावर इतरत्र मेलेली त्वचा अंघोळीत, कपड्यांच्या घासण्यात निघून जाते. कर्णनलिका एका टोकाला पडद्याने बंद आहे; तिथे हा कचरा जाणार कुठे? निसर्गाने काढलेली युक्ती फार सुंदर आहे. पडद्यावरची आणि नलिकेतली त्वचा स्वतःच हळूहळू बाहेरच्या दिशेने सरकत राहते. बोटाचं नख वाढतं त्याच्या आसपासचा हा वेग, म्हणजे दिवसाला मिलिमीटरचा दहावा हिस्सा किंवा त्याहून थोडा कमी. सरकत सरकत ती बाहेरच्या भागात येते, तिथल्या ग्रंथींच्या स्रावात मिसळते, आणि चावताना-बोलताना जबडा हलतो तसतशी सुटून बाहेर पडते. मळ म्हणतात तो हाच. त्यात स्निग्ध पदार्थ असतात, ते पाणी आत मुरू देत नाहीत. तो किंचित आम्लधर्मी असतो, त्यामुळे जंतू आणि बुरशी सहज वाढत नाहीत. काहींचा मळ ओला, चिकट, तर काहींचा कोरडा, भुगा होणारा. हा फरक जन्मजात असतो आणि त्यामागचं जनुक जपानी संशोधकांनी २००६ साली शोधून काढलं. कोरडा मळ म्हणजे आजार नव्हे, ओला म्हणजे अस्वच्छता नव्हे. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ साली सुधारलेल्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटलं आहे की मळामुळे त्रास होत नसेल आणि पडदा तपासायची गरज नसेल, तर तो काढायचा नाही.

आता चावीकडे वळू. कान कोरताना सुख का वाटतं, याचं कारण मज्जातंतूंत आहे. एवढ्याशा जागेला चार-चार मज्जातंतूंच्या फांद्या येऊन मिळतात. त्यातली एक तर थेट फुप्फुसं, हृदय, जठर सांभाळणाऱ्या व्हेगस या मज्जातंतूची आहे. एकोणिसाव्या शतकातले जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ फ्रीडरिश आर्नोल्ड यांचं नाव तिला मिळालं. कान कोरता कोरता काहींना ठसका लागतो, तो हिच्यामुळे. कोरल्यावर क्षणभर खाज थांबते. पण पातळ त्वचेवर ओरखडे उठलेले असतात, मळाचा लेप खरवडला गेलेला असतो. दुखावलेल्या पेशींतून खाज वाढवणारी रसायनं सुटतात आणि तासाभरात हात पुन्हा कानाकडे जातो. महिनाभर असं चाललं की त्वचा जाड होते, जाड त्वचा आणखी खाजते. मूळ कारण काहीही असो, पुढे जाऊन कोरणं हेच कारण होऊन बसतं. कित्येक रुग्णांत मूळ कारण कधीच निघून गेलेलं असतं, राहिलेलं असतं ते फक्त कोरणं.

ही सवय आजची नाही. आपल्याकडे जुन्या घरांत पितळेच्या किंवा चांदीच्या कडीत अडकवलेला जुडगा असायचा: दातकोरणं, कानकोरणं. खांद्याला पेटी आणि पगडीत सळ्या खोचलेले कान साफ करणारे फिरस्ते बाजारात, स्टेशनबाहेर बसायचे. काही शहरांत अजून बसतात. कापसाच्या काडीचा जन्म १९२३ चा, अमेरिकेतला. लिओ गेर्स्टेनझांग यांनी बायकोला काडीच्या टोकावर कापूस लावून बाळाची सफाई करताना पाहिलं आणि त्यावरून माल बाजारात आणला, अशी त्याची कथा सांगतात. पुढे तिच्या पाकिटावर कंपनीनेच ‘कानाच्या नलिकेत घालू नये’ अशी सूचना छापायला सुरुवात केली. लोक पाकीट घेतात ते नेमकं त्याचसाठी! प्लास्टिकच्या दांडीच्या काड्यांवर भारतात १ जुलै २०२२ पासून बंदी आली, पण ती कचऱ्यामुळे, कानामुळे नव्हे; आता दांडी कागदाची किंवा बांबूची असते, एवढाच फरक. अमेरिकेत १९९० ते २०१० या काळात अशा काड्यांनी कान दुखावून इस्पितळाच्या तातडीच्या विभागात आणलेल्या अठरा वर्षांखालच्या मुलांची संख्या सुमारे २ लाख ६३ हजार निघाली, असा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. म्हणजे दिवसाला चौतीस मुलं. त्यांतल्या बहुतेकांच्या बाबतीत काडी ‘कान साफ करायला’ घातली होती.

कापसाची काडी मळ काढत नाही, आत ढकलते. बाहेरच्या भागात तयार होणारा मळ पडद्यापाशी जाऊन घट्ट बसतो, पाणी गेलं की फुगतो आणि कानाला दडे बसतात. मग पुन्हा काडी.

चिकलठाण्याची हवा या दुखण्याला दोन्ही बाजूंनी साथ देते. शहराच्या तापमानाचा आकडा वर्तमानपत्रांत येतो तो इथल्या विमानतळाजवळच्या वेधशाळेचा. एप्रिल-मे महिन्यांत तो चाळिशीच्या वर गेल्याच्या बातम्या दरवर्षी असतात. त्या दिवसांत हवेत ओल नसते, जालना रोडवरची धूळ असते. अंगाची त्वचा तडकते तशी कानातलीही कोरडी पडते. ज्यांचा मळ मुळातच कमी, वय साठीपुढचं, त्यांना हा कोरडा खाजणारा कान विशेष छळतो. आत पाहिलं तर नलिका स्वच्छ, चकचकीत, मळाचा मागमूस नाही. रुग्ण म्हणतो, ‘रोज साफ करतो, तरी खाजतंय.’ रोज साफ करतो म्हणूनच खाजतंय, हे त्याला पटवायला डॉक्टरांचा निम्मा वेळ जातो. असा कान आणि शाबूत पडदा असेल तर खोबरेल किंवा ऑलिव्ह तेलाचा एखादा थेंब अधूनमधून पुरतो. बाकी औषध म्हणजे हात खाली ठेवणं.

जूनमध्ये पाऊस आला की चित्र पालटतं. हवा दमट होते, हेल्मेटच्या आत घाम साचतो, डोक्यावरून घेतलेल्या अंघोळीचं पाणी कानात राहतं आणि ते टिपायला पुन्हा काडी किंवा पंचाचं टोक आत जातं. आता ओरखडे आहेत, ओल आहे, ऊब आहे, मळाचा लेप गायब आहे. बुरशीला आणखी काय हवं? पावसाळ्यात आणि त्याच्या मागोमाग कानातल्या बुरशीचे रुग्ण वाढतात, हे भारतातल्या कान-तज्ज्ञांचं जुनं निरीक्षण आहे. खाज हे तिचं मुख्य लक्षण, आणि ती साधीसुधी नसते. माणूस झोपेतून उठून कान खाजवतो. मग दडे बसल्यासारखं वाटतं, थोडं पाणी येतं, कधी दुखतं. दुर्बिणीतून पाहिलं तर नलिकेत राखाडी-पांढरा ओलसर पापुद्रा आणि त्यावर काळे ठिपके दिसतात. पाठ्यपुस्तकांत याला ओल्या वर्तमानपत्राचा लगदा म्हणतात, आणि एकदा पाहिल्यावर ते वर्णन विसरता येत नाही. काळे ठिपके म्हणजे अॅस्परजिलस नायजर या बुरशीचे बीजाणू. पांढरा दाट थर असेल तर बहुधा कॅन्डिडा.

इथे २०२१ ची आठवण काढायलाच हवी. करोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर म्युकरमायकोसिसची साथ आली आणि मराठवाड्यात ‘काळी बुरशी’ हा शब्द घराघरांत शिरला. नाकातून डोळ्याकडे आणि मेंदूकडे जाणारा तो भयंकर रोग वेगळ्या जातीच्या बुरशीचा होता आणि तो मुख्यतः अनियंत्रित मधुमेह असलेल्या आणि स्टेरॉइडचे मोठे डोस मिळालेल्या रुग्णांना झाला. कानात काळे ठिपके आहेत, बुरशी आहे, एवढं ऐकून आजही काहींचे हातपाय गळतात. घाबरण्याचं कारण नाही. कानातली नेहमीची बुरशी त्वचेच्या वरच्या थरातच राहते, चिवट असते पण जिवावर उठत नाही.

तिचा उपचार दोन टप्प्यांचा आहे आणि पहिला टप्पा औषधाचा नाही. आधी तो लगदा सूक्ष्मदर्शकाखाली, बारीक नळीने ओढून पूर्ण काढावा लागतो. तो तिथेच ठेवून वरून थेंब घातले तर औषध बुरशीच्या मुळापर्यंत पोचत नाही. मग क्लोट्रिमाझोलसारखे बुरशीनाशक थेंब दोन ते तीन आठवडे, आणि तेवढे दिवस कान कोरडा. खाज चौथ्या-पाचव्या दिवशी थांबते, रुग्ण बाटली बाजूला ठेवतो, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा हजर होतो. ‘औषध लागू पडलं नाही’ या तक्रारीमागे बऱ्याच वेळा एवढंच असतं.

कोणता बुरशीनाशक थेंब सरस, याला मात्र शास्त्राकडे अजून ठाम उत्तर नाही. वैद्यकीय पुराव्यांची छाननी करणाऱ्या कॉक्रेन या जागतिक संस्थेने २०२१ साली या प्रश्नाचा धांडोळा घेतला, तेव्हा निकषांत बसणारे फक्त चार अभ्यास सापडले: स्पेन, मेक्सिको आणि भारतातले मिळून ५५९ रुग्ण. त्यांवरून एक औषध दुसऱ्यापेक्षा वरचढ आहे असं म्हणता आलं नाही. इतक्या सर्रास आढळणाऱ्या दुखण्यावर एवढासा पुरावा! आपल्या मराठवाड्यातल्या वैद्यकीय महाविद्यालयांना यात काम करायला भरपूर वाव आहे. रुग्णांची तर कमतरता नाही.

आणि मग मेडिकलचं काउंटर. ‘कान खाजतोय, थेंब द्या’ असं म्हटलं की जी बाटली पुढे येते तिच्यात अनेकदा चार औषधं एकत्र असतात: जिवाणूंवरचं, बुरशीवरचं, सूज उतरवणारं स्टेरॉइड आणि त्वचा बधिर करणारं लिग्नोकेन. काहीही झालेलं असो, यातलं एखादं तरी लागू पडेल, असा हा हिशेब. आधीच निदान झालेल्या काही रुग्णांना डॉक्टरही अशी मिश्रणं लिहून देतात, त्यामुळे मिश्रण म्हणजे वाईटच असं नाही. पण न बघता, महिनोन्महिने घातलेली अशी बाटली स्वतःच खाज तयार करते. जिवाणूंवरचं औषध कानातल्या निरुपद्रवी जिवाणूंना मारतं आणि त्यांची जागा बुरशी घेते. स्टेरॉइडने खाज दबते, बुरशी दबत नाही. बऱ्याच थेंबांत असणाऱ्या निओमायसिनची त्वचेला अॅलर्जी होऊ शकते. मग औषध घालावं तितका कान लाल होतो आणि लाल झाला म्हणून आणखी औषध घातलं जातं. सर्वांत वाईट म्हणजे ज्याचा कान लहानपणी फुटलेला आहे, पडद्याला भोक आहे, त्याच्या आतल्या कानात जेंटामायसिन किंवा निओमायसिन गेलं तर ऐकण्याचं कायमचं नुकसान होऊ शकतं. खेड्यापाड्यांत ‘लहानपणी कान वाहायचा’ असं सांगणारी माणसं थोडी नाहीत. पडद्याला भोक आहे की नाही हे मेडिकलवाल्याला काउंटरवरून दिसत नाही. रुग्णालाही दिसत नाही.

घरगुती उपायांची गंमत अशी की त्यांचा आधार म्हणून ज्या परंपरेचं नाव घेतात, तिथे ते तसे सांगितलेले नाहीत. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात कानाचे अठ्ठावीस रोग सांगितले आहेत आणि त्यात कर्णकंडू, म्हणजे कानाची खाज, हा स्वतंत्र रोग आहे. तो कफाचा मानला असल्यामुळे त्यावर सांगितलेले उपाय वाफेचा शेक, वमन, धूम, शिरोविरेचन असे कफ कमी करणारे आहेत. कान दुखला तरी तेल, खाजला तरी तेल, वाहिला तरी तेल, ही सरसकट रीत आपण घरी बनवलेली आहे. लसूण घालून कडकडवलेलं तेल गरम असतानाच ओतल्यामुळे भाजलेले कान डॉक्टर पाहतात. बुरशी असलेल्या कानात तेल घातलं तर ओल तर टिकतेच, शिवाय काही बुरशी स्निग्ध पदार्थांवरच पोसतात. बाळंतिणीच्या खोलीत बाळाच्या कानात रोज तेल सोडण्याची पद्धतही आता थांबवावी, असं बालरोगतज्ज्ञ सांगून थकले. आजी ऐकत नाहीत. तेल सरसकट वाईट नाही. वर म्हटलं तसं कोरड्या कानाला ते उपयोगी आहे, आणि कानात जिवंत किडा गेला असेल तर त्याची तडफड थांबवायला दवाखान्यात जाईपर्यंत थोडं कोमट तेल घालायला हरकत नाही, पडदा शाबूत असेल तर. हायड्रोजन पेरॉक्साइडचा फेस पाहून लोकांना सफाई झाल्याचं समाधान वाटतं. खाजणाऱ्या, ओरखडलेल्या त्वचेला ते आणखी चुरचुरवतं.

कान खाजतो पण रोग कानाचा नाही, असंही खूपदा असतं. डोक्यात कोंडा असेल तर तोच त्वचारोग भुवया, नाकाच्या बाजू आणि कानाच्या भोकापर्यंत पसरतो. तिथे थेंबांपेक्षा कोंड्यावरचा केटोकोनाझोलचा शाम्पू अधिक कामाला येतो. सोरायसिस, इसब यांचंही तसंच. केसांच्या काळ्या रंगात, आणि बाजारात ‘काळी मेंदी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या मालात असणाऱ्या पॅराफिनिलिनडायमिन या रसायनाची अॅलर्जी कानाच्या मागे आणि आत खाज आणते. दर पंधरवड्याला रंग लावणाऱ्यांनी तारखा जुळवून पाहाव्यात. ज्यांना खोल आत, जिथे बोट पोचत नाही अशा जागी खाज येते आणि त्याबरोबर टाळूही खाजते, शिंका येतात, त्यांचं दुखणं नाकाच्या अॅलर्जीचं असतं. कर्णनलिका त्यात निर्दोष असते.

या अॅलर्जीत आपल्या भागाचा एक खास गुन्हेगार आहे: गाजर गवत. पुण्यात १९५०च्या दशकाच्या मध्याला त्याची पहिली नोंद झाली; अमेरिकेहून आलेल्या गव्हाबरोबर ते आलं असं मानलं जातं, आणि काँग्रेस गवत हे नावही त्याच काळात चिकटलं. आज जालना रोडच्या कडेला, एमआयडीसीतल्या रिकाम्या भूखंडांवर, सुखना नदीच्या काठाने ते माजलेलं दिसतं. त्याचे सूक्ष्म कण वाऱ्यावर उडून चेहरा, पापण्या, मान आणि कान अशा उघड्या जागी इसब उठवतात. शेतकऱ्यांत आणि उघड्यावर काम करणाऱ्यांत हे जास्त. पावसाळ्यानंतर दरवर्षी कान, पापण्या आणि मान एकदमच खाजत असतील तर कानाचे थेंब बदलत बसण्यापेक्षा त्वचारोगतज्ज्ञ गाठावा.

आता कारखाना. आठ तासांच्या पाळीला ९० डेसिबल ही आपल्याकडच्या कारखान्यांसाठीच्या नियमांतली आवाजाची मर्यादा. प्रेस शॉप, फोर्जिंग, कॉम्प्रेसर रूम इथे ती सहज ओलांडली जाते, म्हणून इअर प्लग देतात. फोमचा प्लग स्वच्छ बोटांनी चुरगाळून बारीक करायचा, कानाची पाळी वर-मागे ओढून आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत धरून ठेवायचा. प्रत्यक्षात तो कुलंटने माखलेल्या बोटांनी चुरगाळला जातो, जेवणाच्या सुट्टीत काढून शर्टाच्या खिशात जातो, तिथे तंबाखूच्या पुडीशेजारी बसतो, आणि परत कानात. एक-दोन दिवसांत टाकायचा प्लग महिनाभर चालतो, कारण स्टोअरमधून नवा मागायला कुणी जात नाही किंवा गेलं तर मिळत नाही. तेल, धूळ, घाम आणि आठ तास बंद नलिका. अशा कामगाराचा कान खाजला तर तो प्लग घालणं सोडतो आणि वीस वर्षांनी बहिरा होतो. खाजेची ही किंमत सर्वांत मोठी आहे आणि तिची गणती कुठेच होत नाही. कान बरा होईपर्यंत अशा माणसाला बाहेरून झाकणारे इअर मफ द्यावेत. ते महाग आहेत, उन्हाळ्यात उकडतं, हे खरं. तरीही द्यावेत.

कानात घट्ट बसणारे मोबाइलचे इअरफोन रात्रभर घालून झोपणाऱ्या पोरांना, आणि श्रवणयंत्र वापरणाऱ्या वडीलधाऱ्यांनाही हेच लागू आहे. यंत्राचा साचा रात्री काढून कोरड्या कापडाने पुसावा. साच्याच्या अॅक्रिलिकची काहींना अॅलर्जी असते. अशांना दुसऱ्या पदार्थाचा साचा करून मिळतो.

मधुमेह असेल तर वरची सगळी सवलत रद्द. कानात वारंवार बुरशी होणं हे साखर वाढल्याचं चिन्ह असू शकतं. आणि मधुमेही, विशेषतः वयस्क माणसाच्या कानात खाजेपाठोपाठ रात्री झोपू न देणारा ठणका सुरू झाला, पू आला, तर स्यूडोमोनास हा जंतू त्वचेतून कवटीच्या हाडात शिरलेला असू शकतो. चेहऱ्याची एक बाजू लुळी पडण्यापर्यंत हे जातं. अशा वेळी थेंब, शेक, उद्या बघू, यातलं काही नको. त्याच दिवशी इस्पितळ. मधुमेह नसला तरी एकाच कानातून रक्त येणं, अचानक कमी ऐकू येणं, चक्कर, तोंड वाकडं होणं, यांपैकी काहीही असेल तर तेच.

सगळं तपासून झाल्यावरही काहींच्या कानात काहीच सापडत नाही. त्वचा चांगली, बुरशी नाही, अॅलर्जी नाही, खाज मात्र आहे. ‘मनाचे खेळ’ म्हणून त्यांना घरी पाठवणं अन्यायाचं आहे. थोडे दिवस स्टेरॉइडचे थेंब, मग तेल, रात्रीची खाज फारच असेल तर गुंगी आणणारी अॅलर्जीची गोळी, आणि कोरणं पूर्ण बंद, एवढ्यावर बरेच जण सुधारतात. खाज असह्य झालीच तर कानाच्या भोकापुढचं कूर्चेचं टोक बाहेरूनच बोटाने दाबून गोल फिरवावं. नलिका हलते, त्वचा फाटत नाही. नखं कापलेली ठेवावीत. पोहल्यावर किंवा डोक्यावरून अंघोळ केल्यावर मान तिरकी करून पाणी निथळू द्यावं, पंचाने फक्त बाहेरचा भाग पुसावा. ज्यांना बुरशी झाली आहे त्यांनी अंघोळीच्या वेळी व्हॅसलीन चोळलेला कापसाचा बोळा भोकाशी ठेवावा.

थेंब घालण्याचीही पद्धत आहे. बाटली दोन-तीन मिनिटं मुठीत धरून अंगाइतकी कोमट करा. गार थेंबांनी गरगरतं. कुशीवर पडा, पाळी वर आणि मागे ओढा, सांगितलेले थेंब सोडा, पुढचं टोक दोन-तीनदा दाबा म्हणजे औषध आत उतरतं, आणि पाच मिनिटं तसंच पडून राहा. उघडलेली बाटली साधारण महिन्याने टाकून द्या. मागच्या वर्षीची, फ्रिजच्या दारातली, बहिणीची बाटली वापरू नका.

दाखवायचं कुठे, हा प्रश्न चिकलठाणकरांना पडू नये. १९५६ पासूनचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचं घाटी रुग्णालय शहरात आहे, आणि जिल्हा रुग्णालय, ज्याला सगळं शहर मिनी घाटी म्हणतं, ते तर चिकलठाण्यातच आहे. खाज दोन-तीन आठवड्यांहून जास्त टिकली असेल तर केसपेपर काढा. आजवर घातलेल्या सगळ्या बाटल्या पिशवीत घेऊन जा. साखर आहे का, केसांना काय लावता, कामावर कानात काय घालता, लहानपणी कान वाहायचा का, हे न विचारता सांगा. आणि डॉक्टर थेंब लिहायला लागले तर आधी एवढंच विचारा: आत पाहिलंत का, आणि पडदा शाबूत आहे का?